पटलावर न आलेलं उत्तर

यशवंता, लोकसभेत तुझ्या प्रश्नाला मंत्र्यांनी जे उत्तर दिलं, ते मी लिहिलेलं होतं. चिंचवडला, आपल्या सरकारी पंपांच्या कारखान्यात, कचेरीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी बायकोला, मालतीलाही नाही. तू गेल्याला चोवीस दिवस झाले आणि एवढी चार वाक्यं कागदावर यायला ते सगळे चोवीस दिवस लागले.

कामगार वाचनालयाच्या अंकात तुझ्यावर मी लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. "दिगंबरराव, तुम्ही त्यांचे जुने दोस्त, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी हो म्हणालो. पहिल्यांदा लिहिलं ते फाडून टाकलं. त्यात तू निर्भीड होतास, निष्ठावान होतास, हसतमुख होतास. हसतमुख तर तू कधीच नव्हतास. तुझं तोंड कायम आंबट ताक प्यायल्यासारखं. बाकीची विशेषणं खरी होती, पण ती माझ्या हातून लिहिली जाणं खोटं होतं.

आपण दोघं बासष्ट साली एकाच आठवड्यात लागलो. कारखान्याच्या भिंती अर्ध्याच चढल्या होत्या. तू आकुर्डीच्या जुन्या गावठाणातला, मी साताऱ्याकडून आलेला मॅट्रिक पास कारकून. तू हातपंप खात्यात चाचणीवर होतास. तयार झालेला पंप टाकीवर चढवायचा, दांडा मारायचा, कितव्या दांड्याला पाणी येतं ते बघायचं. पाचव्याला आलं नाही की तू पंप परत पाठवायचास. सुपरवायझर म्हणाले, सातव्याला आलं तरी चालतं. तू म्हणालास, "सायेब, डोक्यावर हंडा घिऊन या, सात दांडे मारा, मग आपून ठरवू." सगळं खातं हसलं. तू नाही हसलास.

रविवारी तुमच्या विहारात वंदना झाली की घटनेच्या मराठी पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचे आणि मग त्यावर बोलायचे. एकदा मला घेऊन गेलास. त्या दिवशी संसदेचं पान होतं. तुझा चुलता म्हणाला, "म्हंजी मंत्री सोताच्या मनाचा राजा न्हाई तर." तू म्हणालास, "न्हाईच. इचारलं की उठून उत्तर द्याया लागतं त्याला. उभं ऱ्हाऊन." ते 'उभं ऱ्हाऊन' तुला फार आवडायचं. मंत्री उभा राहतो आणि बाकीचे बसून ऐकतात, ही गोष्ट तू लोकांना पुन्हा पुन्हा सांगायचास. मला ते भाबडं वाटायचं. मी कचेरीत होतो, मंत्र्याचं उत्तर कुठून सुरू होतं हे मला माहीत होतं.

आता तो कागद. दुष्काळानंतर गावोगाव हातपंप बसवायची मोठी योजना निघाली. आपल्या खात्याला वाटलं, आता दहा वर्षं मरण नाही. पण योजनेसाठी कर्ज घेतलं होतं, अनेक देशांनी मिळून चालवलेल्या परदेशातल्या एका संस्थेकडून. करारावर आपल्या सरकारची सही झाली होती. त्याच्या शेवटी एक जोडपत्र होतं. त्यात अट होती, की या पैशातून घ्यायचे पंप जगभर निविदा काढून घ्यावेत आणि कर्ज घेणाऱ्या सरकारच्या मालकीच्या कुठल्याही कारखान्याला निविदा भरता येणार नाही. त्या एका पानाची नक्कल आपल्याकडे आली, ती आपण चुकूनही निविदा भरू नये म्हणून. वर 'गोपनीय' असा शिक्का. ती फाइल माझ्याकडे होती.

आणि मी ते तुला सांगितलं. उपकार म्हणून नाही, माणुसकी म्हणून नाही. ऐट म्हणून. कँटीनमध्ये तू म्हणत होतास की पुढच्या महिन्यात ऑर्डर येणार, आणि मला राहवलं नाही. "येणार नाही," म्हणालो. "मी वाचलंय." तू चहा बशीत ओतलेला तसाच ठेवलास.

"सरकारनं सोताच्याच कारखान्याला बंदी घातली?"

"सरकारनं नाही. त्या संस्थेची अट."

"सही कुनाची?"

"सरकारची."

"लोकसभेला इचारलं?"

"लागत नाही विचारायला. परदेशांशी करार सरकार करतं. घटनेतच तसं आहे, तुझ्या पुस्तकात बघ."

तू बशी बाजूला सारलीस. मग म्हणालास, "राव, आमच्यात पोरीचं लगीन ठरलं तर याद्या करायला दोनी घरची पाच-पाच मानसं बसत्यात. काय द्यायचं, काय घ्यायचं, समद्यांम्होरं लिवत्यात. एकट्या बापानं गुपचूप याद्या केल्या तर आई इचारती, आमाला का न्हाई बसवलं? ती लगीन मोडत न्हाई. नुसतं इचारती. इचारायला बंदी हाय का घटनेत?"

हा वाद आपला कधी संपला नाही. मी म्हणायचो, विचारून काय होणार, सही झाली. तू म्हणायचास, सही झाली म्हणूनच विचारायचं. परदेशातल्या माणसांना आपण विचारू शकत नाही, ती आपली कोण लागतात? पण आपल्या वतीनं त्यांच्यापुढे जो जाऊन बसला, त्याला तरी विचारू. मी हसलो होतो. आज कबूल करतो, तुझं ते बोलणं मला तेव्हाही पटलं होतं.

तू ऐकून गप्प बसशील असं मी धरून चाललो होतो. तू विरोधी पक्षाच्या एका खासदारांना गाठलंस. ते पुण्यात सभेला आले होते. तू दोन दिवस रजा टाकून त्यांच्या मुक्कामाच्या दारात बसलास. तीन आठवड्यांनी दिल्लीहून टेलेक्स आला. तारांकित प्रश्न. म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देणार आणि त्यावर सभासदांना आणखी उपप्रश्न विचारता येणार. प्रश्नाचे तीन भाग होते. हातपंपांच्या कर्जकराराच्या जोडपत्रात सरकारने कोणत्या अटी मान्य केल्या? त्यांचा चिंचवडच्या कारखान्यावर काय परिणाम होणार? आणि त्या अटी सभागृहापुढे ठेवल्या होत्या का?

टेलेक्सची पट्टी हातात धरून मी उभा होतो. भाषा खासदारांच्या कचेरीतली इंग्रजी होती, पण गोष्ट माझी होती. जोडपत्राचा उल्लेखसुद्धा माझ्याच तोंडचा. खालच्या माळ्यावरच्या कुणाही माणसाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. हा कागद फुटला कुठून असं कुणी विचारलं तर बोट सरळ माझ्या कपाटाकडे जात होतं.

संसदेचा प्रश्न आला की रीत ठरलेली. कारखान्यानं माहिती पाठवायची, सोबत उपप्रश्नांसाठी टिपण द्यायचं. मंत्र्यांच्या हातात शेवटी जे जातं त्यातलं पुष्कळसं असं खालून वर चढत जातं. मोठे साहेब मुंबईला होते. फोनवर म्हणाले, "तू बघ रे, तुझा हात बसलाय." कुणी मला खोटं लिही म्हणालं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण इतकी वर्षं मी मनात साहेबांना पुढे करत आलो. दिल्लीच्या टेबलावर कोण होतं मला माहीत नाही. मी माझ्या टेबलाचं सांगतो.

मी लिहिलं, "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."

माहिती माझ्या उजव्या हाताच्या कप्प्यात होती. एक पान. हात लांब केला असता तर मिळाली असती.

आणि उपप्रश्नांच्या टिपणात लिहिलं, की हातपंप खात्यातलं काम कमी झालं असल्यास ते मागणी घटल्यामुळे. दुष्काळ नुकताच संपला होता, यशवंता. मागणी घटली असं मी लिहिलं.

प्रश्न पुकारला, मंत्री उभे राहिले, एक वाक्य वाचलं, बसले. खासदारांनी उपप्रश्न विचारला, त्याला मागणी घटल्याचं उत्तर मिळालं. हातात आकडा नाही, कागद नाही. ते बिचारे काय बोलणार? पुढचा प्रश्न पुकारला गेला.

पंधरा दिवसांनी खासदारांनी छापील उत्तर तुला पोस्टानं पाठवलं. तू ते घेऊन कुणाकडे आलास? माझ्याकडे. "इंग्रजी हाय. सांग." मी माझंच वाक्य तुला मराठीत सांगितलं. तुझा चेहरा उजळला. मला वाटलं होतं तू चिडशील. तू म्हणालास, "म्हंजी लेखी कबूल केलं त्यांनी. देनार म्हंत्यात. सभागृहात दिल्याला शब्द हाय." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "राव, माहिती गोळा करत्यात म्हंजी कागद तुझ्याकडंच यील की! नीट लिव बरं का. भिऊ नगं."

त्या वेळी सांगता आलं असतं. आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "बघतो."

पुढे चौकशी झालीच. तुला साहेबांच्या खोलीत बोलावलं आणि टिपण घ्यायला कोण बसला होता ते तुला माहीत आहे. साहेबांनी विचारलं, जोडपत्राचं तुला कुणी सांगितलं? तू म्हणालास, "सकाळचं वढ्याला बसलो व्हतो जी, पल्याड दोघं बोलत व्हते. तोंड न्हाई दिसलं." शेजारी बसलेल्या पर्सोनेल ऑफिसरला हसू आवरेना. साहेब लाल झाले. "सरळ सांग, नाहीतर नुकसान होईल." तू म्हणालास, "सरळच सांगतोय. वढ्याला मानूस खोटं कशाला बोलंल?" पाऊण तास तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी तुझं प्रत्येक वाक्य शुद्ध मराठीत लिहून घेतलं. खाली तुझा अंगठा नव्हे, सही. सहीचा तुला अभिमान होता.

तुझी पगारवाढ रोखली. खातं बंद झालं तेव्हा बदली कामगार घरी गेले. कायम लोकांना इकडेतिकडे वाटून टाकलं. तुला भंगाराच्या वाड्यात. जो माणूस पाचव्या दांड्यावर अडून बसायचा, तो मोडके पंप वजनकाट्यावर टाकायला लागला.

मी त्यानंतर हेड क्लार्क झालो. त्याचा आणि याचा संबंध नव्हता, माझा नंबरच लागला होता. पण तू पेढा तोंडात टाकून म्हणालास, "आता तर कागद तुझ्याच हाताखाली," आणि मी माझा पेढा परत पुडक्यात ठेवला.

एका रविवारी तू मला जवळच्या माण गावाला नेलंस, दोघं आपापल्या सायकलीवर. कर्जाच्या योजनेतला पंप तिथं बसवला होता, छान निळा रंग, वर परदेशी अक्षरं. दोन महिन्यांपासून बंद. आतला चामड्याचा वायसर गेला होता आणि त्या मापाचा आपल्याकडे मिळत नव्हता. बायका पुन्हा विहिरीवर. एक म्हातारी म्हणाली, "सरकारी मानसं का तुमी?" तू माझ्याकडे बोट केलंस. "हे सरकारी. मी भंगारवाला." मग पिशवीतून चामड्याचा तुकडा काढून राप्पीनं कापत बसलास. दुपार गेली. पाणी आलं तेव्हा ती म्हातारी माझ्या पाया पडायला लागली, सरकारी म्हणून. तू राप्पी पुसून पिशवीत ठेवलीस. परत येताना रावेतच्या अलीकडे म्हणालास, "वंगाळ न्हाई पंप. फकस्त आमाला इचारलं असतं तर वायसरचं माप तरी सांगितलं असतं." तुझा राग एवढाच होता. मला तोही सहन झाला नाही. मी म्हणालो, "सोड आता ते." तू सायकल पुढे काढलीस. आकुर्डीपर्यंत मी तुझ्या मागेच राहिलो.

आणीबाणी आली. प्रश्नांचा तास काही काळ बंदच होता. तुझ्या चुलत्यानं टोमणा मारला, "काय यशवंता, उभा ऱ्हायला का तुजा मंत्री?" मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. हेही आज लिहून ठेवतो. सगळा देश गप्प बसला होता आणि मला त्यात आडोसा मिळाला.

निवडणुका झाल्या, आणीबाणी उठली, आणि जुन्या आश्वासनांचा हिशेब दिल्लीत पुन्हा निघाला. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पुरी झाली की नाही ते पाहणारी खासदारांची एक समिती असते. आपलं आश्वासन त्या यादीत तसंच पडून होतं. खुलासा मागणारं पत्र माझ्याकडे आलं. मी मसुदा केला: संबंधित खाते बंद झालेले असल्याने आता प्रश्न उद्भवत नाही, सबब आश्वासन वगळण्यात यावे. अटीमुळे खातं बंद झालं, आणि खातं बंद झालं म्हणून अटीबद्दल विचारायचं कारण उरलं नाही. मला तेव्हा त्या वाक्याची सफाई आवडली होती.

समितीला ते पुरेसं वाटलं नसावं. पुण्याच्या दौऱ्यात ती मंडळी अर्धा दिवस आपल्याकडे आली. तुला कुठून तरी कळलं. आदल्या दिवशी येऊन म्हणालास, "मला धा मिनटं बोलू दे त्यांच्याफुडं. धा न्हाई, पाच." मी म्हणालो, "वाड्यातच थांब. मी बोलावतो."

तू इस्त्रीचा सदरा घालून आला होतास. भंगारात, इस्त्रीचा.

वरच्या खोलीत त्यांच्यातले एक वयस्क सभासद, धोतर नेसलेले, कान जरा मंद, कागद बाजूला सारून म्हणाले, "त्या खात्यात काम केलेलं कुणी इथे आहे का? त्यांच्याशी बोलू या." साहेबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. खरंच माहीत नसल्यासारखं बघितलं. त्यांना तुझी आठवण असण्याचं कारण नव्हतं. खोलीत पंधरा माणसं होती आणि उत्तर एकट्या माझ्याकडे होतं. खिडकीतून मला तू दिसत होतास. तू उन्हात उभा होतास, सावलीत गेला नाहीस, बोलावलं तर पटकन दिसावं म्हणून.

मी म्हणालो, "नाही सर. सगळे गेले."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. दुपारी त्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या. मी खाली आलो आणि तुला सांगितलं की त्यांना वेळच नव्हता. तू म्हणालास, "आसू दे. खासदार मानसं, धा ठिकानी जायाचं आसतं." मग सदरा काढून त्याची घडी केलीस आणि बनियनवर कामाला लागलास.

मी आजवर स्वतःला काय सांगत आलो ते तुला सांगतो. की कागद बाहेर आला असता तरी करार बदलला नसता, खातं बंदच पडलं असतं, तुझी वाढ तरीही रोखली गेली असती. कदाचित हे सगळं खरं असेल. पण तू करार मोडायला निघाला नव्हतास. परदेशात आपल्या नावानं काय कबूल केलं, ते इथल्या लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना कळावं, एवढंच तुझं मागणं होतं. ते कळू न देणारा माणूस परदेशी संस्थेत नव्हता. तो तुझ्या डब्यातली भाजी खात होता.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आलो तेव्हा तुला धाप लागली होती. सुभद्रावहिनी मोसंबी सोलत होत्या. तू मला म्हणालास, "त्या माहितीचं काय झालं रे?" मी वहिनींकडे बघितलं. तू म्हणालास, "तिला ठाव हाय समदं. बोल." मी पुन्हा "बघतो" म्हणालो. तू डोळे मिटलेस. तुला कळलं होतं का, यशवंता? चौकशीच्या त्या पाऊण तासात माझ्याकडे बघितलं नाहीस, ते मला वाचवायला, की तेव्हाच कळलं होतं म्हणून? हे आता मला कुणी सांगणार नाही. आणि खरं सांगायचं तर तू गेल्याचं कळलं तेव्हा पहिली भावना दुःखाची नव्हती. आता विचारणारा कुणी नाही, असं वाटलं. मग दुःख झालं, आणि ते अजून तसंच आहे.

पण विचारणारं माणूस होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी विहारात तुझ्यावर बोललो, चांगलं बोललो, लोकांनी डोळे पुसले. लोक पांगल्यावर सुभद्रावहिनी जवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, दिल्लीला आजून एक पत्र टाकायचं का? जाताना म्हनले, सभागृहात शब्द दिलाय, उत्तर यील. तुमी लिवा, मी सही करते. मला येती सही." मी म्हणालो, दोन दिवसांनी येतो.

त्याला बरेच दिवस झाले.

हा अंक छापून येईल तेव्हा साहेब वाचतील, युनियनवाले वाचतील, माझ्या नोकरीची तीन वर्षं उरलीत त्यांचं जे व्हायचं ते होईल. वहिनीही वाचतील, पण त्यांना हे छापलेलं वाचून कळावं, हे मला नको आहे. तुझ्या घरी जायला माझ्या दारापासून चालत पंचवीस मिनिटं लागतात. काल मी रेल्वे फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

दिल्लीहून काही येणार नाही, अटी काय होत्या, त्या सभागृहाला सांगितल्या गेल्या नाहीत आणि त्या दडवणारा मी होतो, हे सुभद्रावहिनींना त्यांच्यासमोर उभं राहून सांगणं, एवढं मी तुझं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.